कोणती फेरी गाळायची?

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या कडेला, दुधाचे खाडे मांडायच्या कॅलेंडरशेजारी, एक शंभर पानी वही सुतळीने टांगलेली आहे. २०२२ च्या पाडव्याला मी ती सुरू केली. तेव्हा पेट्रोलचा दर जवळजवळ रोज वाढत होता. २२ मार्च ते ६ एप्रिल या १६ दिवसांत तो १४ वेळा वाढला, मिळून लिटरमागे १० रुपये. त्याआधी साडेचार महिने दर जागचा हलला नव्हता. पाच राज्यांच्या निवडणुका उरकल्या आणि तो हलायला लागला. मुंबईत १२० रुपये ओलांडले आणि नाशिक त्याच्याच मागेपुढे राहिलं. आमच्या घरात दोन गाड्या आहेत, यांची मोटारसायकल आणि माझी स्कूटर. पाथर्डी फाट्याच्या आत राहणाऱ्याला गाडीशिवाय घर चालवणं किती अवघड आहे, हे तिथे राहणाऱ्यालाच कळेल. मी ठरवलं की प्रत्येक फेरी लिहायची. कुणी केली, कुठे गेलं, किती किलोमीटर झाले. पेट्रोल वाया कुठे जातं ते सापडलं की तेवढं वाचवता येईल, एवढाच हेतू होता.

तीन महिन्यांनी वही वाचायला घेतली. यांची अंबडला कामावर जायची एकही फेरी कमी झालेली नव्हती. ती कमी होणारच नव्हती, घर त्याच फेरीवर चालतं. मुलीच्या कॉलेजच्या फेऱ्याही तेवढ्याच. गळल्या होत्या त्या दुसऱ्याच. पंचवटीत माझी आई एकटी राहते. तिच्याकडे दर गुरुवारी जायचे, ते पंधरवड्यावर आलं होतं आणि जूनमध्ये महिन्यावर. सार्वजनिक वाचनालयात पुस्तक बदलायला तीन महिन्यांत एकदाच गेले होते. १८४० सालचं हे वाचनालय, माझ्या आजोबांपासून आमच्या घरात त्याचं सभासदत्व आहे. मुलीचं पोहणं बंद झालं होतं. नाशिकरोडला नणंदेकडच्या बारशाचा आहेर आम्ही दुसऱ्या कुणाबरोबर पाठवला होता. किलोमीटरची बेरीज खरंच उतरली होती. पण वाया गेलेलं असं एक किलोमीटरही मला त्या वहीत सापडलं नाही.

तेव्हापासून मला हे सगळीकडे दिसायला लागलं. पेट्रोल महागलं की पगाराची फेरी गळत नाही, बिनपगाराची गळते. जिच्यामागे मस्टर आहे, उशीर झाला तर अर्धा दिवस कापला जातो, ती चालू राहते. जिच्याबद्दल कुणी विचारणार नाही, ती आधी जाते. आणि घरातल्या बिनपगाराच्या फेऱ्या बहुतेक बायकांच्या, म्हाताऱ्यांच्या आणि मुलांच्या असतात. ओळखीतल्या एका घरात सासूबाईंच्या डोळ्यांची तपासणी ‘पुढच्या महिन्यात बघू’ करता करता अख्खा पावसाळा उलटला. त्या घरात कुणी वाईट नाही. ज्या फेरीशिवाय महिना निभतो ती पुढे ढकलली गेली, इतकंच.

अर्थशास्त्र शिकवणारे सांगतात की पेट्रोलची मागणी ताठर असते, भाव वाढला म्हणून खप त्या मानाने घटत नाही. शहराच्या एकूण बेरजेत ते खरं असेल. पण त्या ताठर आकड्याच्या आत घरोघरी एक वाटणी चाललेली असते आणि तिची नोंद कुठल्याच खात्यात होत नाही. पंचवटीला जाऊन येऊन वीस किलोमीटर होतात, माझ्या स्कूटरला अर्धा लिटर पेट्रोल लागतं. देशाच्या हिशेबात अर्धा लिटर वाचला. आमच्या घरातला एक गुरुवार गेला.

वर्तमानपत्रं दरवाढीच्या दिवसांत पेट्रोल वाचवायच्या युक्त्या छापतात. चाकात हवा बरोबर ठेवा, सिग्नलला इंजिन बंद करा, क्लच दाबून गाडी चालवू नका, एका फेरीत चार कामं उरका. आम्ही ते सगळं केलं आणि अजून करतो. त्याने थोडाफार फरक पडतो, नाही असं नाही. पण या सल्ल्यांमागे एक समजूत असते की माणूस उगीच फिरतो, म्हणून त्याचं पेट्रोल जास्त जळतं. या समजुतीशी माझं भांडण आहे.

सकाळी साडेसहाला सातपूर किंवा अंबडच्या वाटेवरच्या कुठल्याही पंपावर पाच मिनिटं उभं राहावं. पहिली पाळी गाठणाऱ्यांची रांग असते. डब्याची पिशवी हँडलला, हेल्मेट आरशावर. एखादा गाडी ढकलतच आलेला असतो. एकदा माझ्या पुढच्या माणसाने रांगेत येण्याआधी रस्त्याच्या कडेला गाडी डाव्या अंगावर पार आडवी केली होती. टाकीच्या दुसऱ्या कुशीत राहिलेलं चार थेंब पेट्रोल कॉकच्या बाजूला यावं आणि गाडी निदान पंपापर्यंत जावी म्हणून. त्याचा नंबर आला. ‘शंभरचं.’ पंपावरची मुलगी म्हणाली, ‘दादा, झिरो बघा.’ आकडे फिरले, शंभरावर थांबले. लिटरच्या चौकटीत एक पूर्ण होत नव्हता. टाकी फुल करणारं त्या रांगेत कुणी नव्हतं. जून २०१० मध्ये सरकारने पेट्रोलचा दर बाजारावर सोडला तेव्हा लिटर पंचावन्न रुपयांच्या आसपास होतं, त्याच शंभरात पावणेदोन लिटरच्या वर यायचं. माणूस अजून शंभरचंच मागतो, कारण रोजच्या खर्चाला त्याच्या खिशात तेवढेच सुटे असतात. नोट तीच आणि वाटही तेवढीच, फक्त गाडी आता लवकर रिझर्व्हला लागते.

याचं गणित मांडून बघू. पंचवटीत भाड्याची खोली आणि सिन्नरच्या एमआयडीसीत काम, जाऊन येऊन साठ किलोमीटर. जुनी शंभर सीसीची गाडी, ॲव्हरेज पन्नासचं. रोजचं सव्वा लिटरला थोडं कमी, १.२ लिटर. दर १०५ धरला तर १२६ रुपये. २६ दिवसांचे ३,२७६ रुपये. हातात १५ हजार येत असतील तर पगाराचा पाचवा हिस्सा कारखान्याच्या गेटपर्यंत पोचण्यातच गेला. दीड लाख पगाराच्या माणसाने तेवढंच अंतर मोटारीने काटलं आणि मोटारीने लिटरला पंधरा दिले, तर त्याचे जवळजवळ ११ हजार जातात. तो आकडा मोठा दिसतो, पण पगाराचा तेरावा भागही होत नाही. दोघांनाही दर एकच. म्हणून ‘गाडी परवडते त्याला पेट्रोलही परवडलंच पाहिजे’ हे वाक्य मला पटत नाही. पहिल्या माणसाला गाडी परवडत नव्हती. त्याने ती हप्त्यावर घेतली, कारण गाडी नसेल तर काम मिळत नव्हतं.

माझे वडील पंचवटीतून सातपूरला कारखान्यात सायकलने जायचे. त्यांच्या वेळी पाळी सुटली की त्र्यंबक रस्त्यावर सायकलींची ओळ लागायची. त्यांचा उल्लेख निघाला की लोक म्हणतात, ‘पूर्वीची माणसं काटक होती, आताच्यांना सवय राहिली नाही.’ वडील काटक होतेच. पण ते एकच कारखाना पस्तीस वर्षं करू शकले, ही गोष्ट आपण विसरतो. कायम नोकरी असलेला माणूस गेटपासूनचं अंतर मोजून घर घेऊ शकतो. सत्तरच्या दशकापासून सिडकोने नवीन नाशिकच्या योजना उभ्या केल्या, त्या सातपूर आणि अंबडच्या वसाहतींना लागून. कामगाराला चालत नाहीतर सायकलने कामावर जाता यावं अशी ती जागा होती. छोटी घरं, आतल्या गल्ल्या, कोपऱ्यावर शाळा आणि भाजी. आज तिथे गाड्यांनी गल्ल्या भरल्या आहेत, पण कामाच्या जागेशेजारी घर हवं, हा विचार या शहरात एकदा झालेला आहे आणि तो सरकारी संस्थेने केलेला आहे.

नंतर कारखाने सिन्नर, गोंदे, दिंडोरीकडे सरकले आणि नोकरी कंत्राटाची झाली. कंत्राटी कामगाराचा ठेकेदार बदलतो आणि ठेकेदाराबरोबर कारखाना बदलतो. सात महिने अंबड, मग चार महिने घरी, मग सिन्नर, मग गोंदे. त्याने घर कुठल्या गेटजवळ घ्यायचं? तो राहतो तिथेच राहतो आणि दर बदलीला पेट्रोलचा खर्च वाढवून घेतो. कंपनीची बस कायम कामगारांच्या वस्त्यांवरून फिरायची. कंत्राटी माणसाला बहुतेक ठिकाणी ती नसते. उद्योगाला मनुष्यबळ लवचिक हवं होतं. त्या लवचिकतेचा खर्च कामगार रोज पंपावर भरतो. पेट्रोलच्या चर्चेत कंत्राटी पद्धतीचं नाव मी कधी ऐकलं नाही. माझ्या मते ते सगळ्यात आधी घ्यायला हवं.

शहराची घडणही अशीच अंतर वाढवणारी. १९८२ मध्ये नाशिक, सातपूर, नाशिकरोड-देवळाली या नगरपालिका आणि भोवतालची गावं एकत्र करून महापालिका झाली. मुळात अंतर राखून असलेली ही गावं. त्यांच्यामधली शेतं भरत गेली आणि अडीचशेहून अधिक चौरस किलोमीटरचं शहर झालं. मध्ये मुंबई-आग्रा महामार्ग आणि द्वारकेला त्याला छेदणारा पुण्याचा रस्ता. संध्याकाळी द्वारकेच्या चौकात अडकलेल्या गाड्या उभ्या जागी जे पेट्रोल जाळतात, त्याला मागणी म्हणावं की दंड?

आता कराकडे येते. पेट्रोलच्या दरावर वाद सुरू झाला की केंद्रवाले राज्याकडे बोट दाखवतात आणि राज्यवाले केंद्राकडे. दोन्ही बोटं बरोबर दिशेने आहेत. एप्रिल २०२० मध्ये जगात कच्च्या तेलाचा भाव कोसळला. तेव्हा आपल्याला स्वस्त पेट्रोल मिळालं नाही, कारण मे २०२० मध्ये केंद्राने पेट्रोलवर लिटरमागे १० रुपये आणि डिझेलवर १३ रुपये वाढवून ती जागा भरून काढली. पेट्रोलवरचं केंद्राचं शुल्क ३२ रुपये ९८ पैशांवर गेलं. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये ५ रुपये आणि मे २०२२ मध्ये ८ रुपये कमी केले, राज्याने जुलै २०२२ मध्ये ५ रुपये सोडले. एप्रिल २०२५ मध्ये कच्चं तेल उतरत असताना केंद्राने पुन्हा २ रुपये वाढवले. पंपावरचा दर तेवढाच राहिला म्हणून फारशी ओरड झाली नाही, पण जी उतरण गिऱ्हाइकाला मिळायची ती तिथेच थांबली. भाव चढला की तो जगाचा, उतरला की सरकारचा, हा नियम आपण गेली दहा-बारा वर्षं पाहतो आहोत. राज्याचा व्हॅट टक्केवारीत असतो, २५ टक्के, आणि वर लिटरमागे अधिभार. मूळ किंमत वाढली की राज्याचं उत्पन्न आपसूक वाढतं, त्यामुळे दरवाढीची कळ मंत्रालयाला बसत नाही. २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून राज्याने लिटरमागे २ रुपये वाढवले. पुढे पाऊस चांगला झाला, तरी करांची ती चढण लगेच उतरली नाही. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, तो पेट्रोल-डिझेलला बाहेर ठेवून. दोन्ही सरकारांना हे उत्पन्न हातचं सोडवत नाही.

पण माझी मुख्य तक्रार कर किती आहे याबद्दल नाही. इंधनावर कर असावा. ज्या वस्तूने हवा बिघडते, जिच्यासाठी देशाला ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणावं लागतं, ती फुकटात वाटू नये. तक्रार आहे ती हा पैसा जातो कुठे याबद्दल. केंद्राच्या शुल्कातला फार मोठा भाग उपकर आणि विशेष शुल्क या नावांनी घेतला जातो आणि तो राज्यांशी वाटून घ्यावा लागत नाही. राज्यांबरोबर वाटणी होते ती मूळ उत्पादन शुल्काची, आणि २०२१ च्या अर्थसंकल्पात पेट्रोलवरचं ते मूळ शुल्क लिटरमागे १ रुपया ४० पैशांवर आणलं गेलं. राज्याचा व्हॅट राज्याच्या तिजोरीत जातो. म्हणजे तो गाडी आडवी करून पंपावर आलेला माणूस शंभरातले साधारण चाळीस रुपये कर भरतो, ते दिल्लीला आणि मुंबईला जातात. आणि त्या गाडीपासून त्याची सुटका करू शकेल अशी एकच गोष्ट म्हणजे शहराची बस. ती चालवायची जबाबदारी आहे नाशिक महापालिकेवर, जिची जकात गेली, स्थानिक संस्था करही (एलबीटी) गेला, आणि जिला पंपावरच्या या करात स्वतःचा असा वाटा नाही.

नाशिकची सिटीलिंक बस ८ जुलै २०२१ रोजी सुरू झाली. त्याआधी शहर बस एसटी चालवायची आणि तोट्यामुळे ती फेऱ्या कमी करत आली होती. महापालिकेने बस हाती घेतली हे मोठं काम झालं, तेही कोरोनाच्या वर्षात, मुख्यतः सीएनजीच्या गाड्या घेऊन. माझ्या कामाच्या मावशी या बसने येतात. बस मिळते त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसतं. पण ठेकेदाराकडे पगार थकले म्हणून वाहकांनी एकाहून अधिक वेळा काम बंद ठेवलं आणि त्या दिवसांत शहर पुन्हा शेअर रिक्षांवर आलं. दर वर्षी महापालिकेत बसच्या तोट्याची चर्चा होते. ‘तोटा’ हा शब्दच मला खुपतो. रस्त्याच्या डांबरीकरणाला, उड्डाणपुलाला कुणी तोटा म्हणत नाही. त्याला विकास म्हणतात. बसने एका माणसाचे महिन्याला दोन हजार वाचवले आणि महापालिकेला दोनशे खर्च आला, तर शहराला अठराशेचा फायदा झाला असं मांडायला हवं. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत, पण हिशेब याच रीतीने व्हावा असं माझं म्हणणं आहे.

फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. टायरवर धावणारी निओ मेट्रो म्हणून तिची किती चित्रं छापून आली! त्यानंतरची वर्षं ती कागदावरच राहिली. दरम्यान अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा १.१ किलोमीटरचा रस्ता स्मार्ट झाला, त्याला सायकलची पट्टीही मिळाली. या शहराला सायकलचं प्रेम खरं आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या इथल्या भावांनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची शर्यत पुरी केली, दर आषाढात इथून पंढरपूरला सायकलची वारी जाते. मला त्याचा अभिमान वाटतो. म्हणूनच वाटतं की रात्री अकराला पाळी संपवून महामार्गाच्या कडेने बिनदिव्याच्या सायकलवर घरी निघालेल्या वॉचमनलाही त्या प्रेमातला एक सुरक्षित रस्ता मिळावा. आता सिंहस्थ तोंडावर आहे, शहरात रस्त्यांची कामं निघाली आहेत. भाविकांसाठी ज्या बसगाड्या येतील त्यातल्या काही पर्वणी उरकल्यावरही नाशिककरांसाठी ठेवून घेता येतील का, हे आताच विचारलं पाहिजे. अमृतस्नानं झाल्यावर विचारून उपयोग नाही.

विजेच्या गाड्या हा उपाय बरेच जण सुचवतात. ज्याच्या इमारतीत खाली स्वतःचं पार्किंग आणि तिथे प्लगपॉइंट आहे, त्याने विजेची स्कूटर जरूर घ्यावी. तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीतला माणूस वायर कुठून सोडणार? आणि दरम्यान पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. ऊस आपल्या जिल्ह्यातही आहे, शेतकऱ्याला त्याचा फायदा होत असेल तर मला आनंदच आहे. पण इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या जवळपास दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. साध्या गणिताने २० टक्के मिसळलेल्या लिटरची ऊर्जा निव्वळ पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. लिटरचा दर मात्र पूर्ण घेतला जातो. ॲव्हरेज उतरलं की गरीब माणूस मेकॅनिककडे जाऊन कार्ब्युरेटर साफ करून घेतो, त्याचे वेगळे पैसे देतो. मिश्रणाचा निर्णय देशहिताचा असेल, तर त्याची किंमत लिटरच्या दरात दिसायला हवी होती.

पेट्रोल कुठून येतं याबद्दल नाशिककराला अनभिज्ञ राहता येत नाही, कारण ते आपल्याच जिल्ह्यातून पुढे जातं. मुंबईच्या रिफायनरीतून नळाने येणारं इंधन मनमाडजवळ पानेवाडीला उतरतं आणि तिथल्या डेपोंमधून टँकर उत्तर महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात जातात. राज्यात पेट्रोल सगळ्यात महाग मिळण्याबद्दल परभणीचं नाव वर्षानुवर्षं घेतलं जातं, कारण मनमाडहून तिथपर्यंतचं तीनशेहून जास्त किलोमीटरचं भाडं लिटरवर चढतं. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत नव्या कायद्यातल्या अपघाताच्या शिक्षेविरुद्ध टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि एका संध्याकाळीत नाशिकचे पंप कोरडे पडायला लागले. रात्री अकराला बायका कडेवर पोरं घेऊन पंपावर उभ्या होत्या. पेट्रोलचा दर त्या दिवशी एक पैसाही वाढला नव्हता. गाडी बंद पडली तर उद्या जायचं कसं, याला कुणाकडेही दुसरं उत्तर नव्हतं, याचीच ती भीती होती.

पानेवाडीचं नाव निघालं की मला यशवंत सोनवणे आठवतात. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मनमाडजवळ त्यांनी इंधनाची भेसळ पकडली आणि भर दिवसा त्यांना जिवंत जाळण्यात आलं. रेशनचं रॉकेल आणि पंपावरचं इंधन यांच्या दरात त्या वेळी कित्येक पटींचं अंतर होतं. त्या अंतरात पैसा होता आणि पैशासाठी माणूस जाळायला तयार असलेली टोळी होती. मारणाऱ्यांचा दोष त्याने तसूभर कमी होत नाही. पण दर ठरवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की त्यांच्या कागदावरच्या आकड्यांमधलं अंतर कुठल्यातरी ढाब्यामागे कुणीतरी भरून काढत असतं.

शेतकऱ्याची गोष्ट याहून वेगळी आहे, थोडक्यात सांगते. डिझेल वाढलं की ट्रकवाला भाडं वाढवतो, दुकानदार माल वाढवतो. निफाडचा कांदेवाला लासलगावच्या लिलावात ट्रॅक्टर उभा करतो तेव्हा डिझेल किती गेलं हे त्याला कुणी विचारत नाही. बोली लागते ती कांद्यावर. दिंडोरीच्या द्राक्षबागेत ब्लोअरने फवारणी चुकवता येत नाही, ढगाळ हवा आली तर एकीच्या जागी दोन होतात. वाढलेला खर्च पुढच्यावर ढकलण्याची सोय सगळ्यांना असते, ती शेवटी येऊन थांबते शेतकऱ्याशी आणि पगारदार कंत्राटी माणसाशी. आणि त्यांच्या घरात ती येऊन थांबते बिनपगाराच्या फेरीशी.

म्हणून माझी मागणी स्वस्त पेट्रोलची नाही. पेट्रोल पाच रुपयांनी उतरलं तर मला बरं वाटेल, पण त्याने सिन्नर जवळ येणार नाही. मागणी अशी आहे की या जिल्ह्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक लिटरच्या करातला ठरलेला वाटा, रुपया असो की दोन रुपये, थेट शहराच्या आणि तालुक्याच्या बसला मिळावा. तो कुणाच्या मर्जीवर नसावा, कायद्याने मिळावा. एमआयडीसीतल्या कारखान्यांनी मिळून पाळीच्या वेळांना बस चालवाव्यात आणि कंत्राटी माणसाला त्यात कायम माणसाइतकीच जागा असावी. रात्री अकराच्या पाळीला शेवटची बस सव्वाअकराची असावी. आणि दुपारी, जेव्हा कुणाचीच पाळी नसते आणि बस रिकाम्या धावतात म्हणून फेऱ्या तोडल्या जातात, त्या फेऱ्या तोडू नयेत. त्याच वेळी म्हाताऱ्या दवाखान्यात जातात, पोरी क्लासला जातात, लेकी आईकडे जातात. त्या फेरीचं तिकीट कमी जमतं, हे मला मान्य आहे. त्या बसमध्ये बसणाऱ्यांकडे दुसरी गाडीच नसते.

वही अजून चालू आहे, चौथी. यंदा मी रकाने बदलले. झालेल्या फेऱ्यांच्या शेजारी न झालेल्या फेऱ्याही लिहिते, तारीख घालून. मागच्या महिन्यात त्या बाजूला नऊ नोंदी झाल्या, त्यातल्या चार पंचवटीच्या. गुरुवारी सकाळी आईचा फोन येतो. पूर्वी ती विचारायची, ‘येतेस ना? भाकरी टाकून ठेवू?’ हल्ली ती आधी विचारते, ‘गाडीत पेट्रोल आहे का गं?’ आणि माझं उत्तर येईपर्यंत गप्प राहते.